बारीक टाइपातील इंग्रजी

रेल्वेच्या डब्यात धोक्याच्या साखळीजवळ एक लहानशी सूचना असते. गाडी थांबविण्यासाठी साखळी ओढावी. मात्र योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय ती ओढल्यास दंड किंवा कैद होईल, असे तीत इंग्रजी व हिंदीत, आणि पुष्कळ डब्यांत मराठीतही, लिहिलेले असते. लक्षावधी प्रवासी हा मजकूर आयुष्यभर पाहतात. वाचतात फार थोडे. वस्तुतः १९८९ च्या रेल्वे अधिनियमातील १४१ व्या कलमाचे ते सार आहे, आणि त्यातील इंग्रजी कोणत्याही शालेय उताऱ्याइतके अभ्यासण्याजोगे आहे. कारण 'रीझनेबल' असले पाहिजे आणि 'सफिशंट'ही असले पाहिजे, असे हे कलम म्हणते. फलाटावर पिशवी विसरली हे कारण समजण्याजोगे खरे. ते पुरेसे ठरेल की नाही, हा वेगळा प्रश्न. पुढे दंडाची रक्कम सांगताना 'अप टू' असे दोन चिमुकले शब्द येतात, म्हणजे हजार रुपये ही वरची मर्यादा झाली. शेवटी 'ऑर बोथ' येते आणि दोन्ही शिक्षा एकत्र होण्याची वाट मोकळी राहते. एवढ्याशा जागेत विशेषणांची जोडी, मर्यादा आणि पर्याय असे भाषेचे तीन व्यवहार उरकलेले आहेत. शेजारी मराठी मजकूर असेल तर शब्दकोशाचीही गरज नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने बारा-पंधरा वर्षे इंग्रजीचे तास भरलेले असतात. पाठ्यपुस्तकातील कवितेचा मध्यवर्ती विचार त्याला लिहिता येतो, कर्तरी प्रयोगाचा कर्मणी करता येतो. पण बँकेने पाठविलेले दोन परिच्छेदांचे पत्र समोर आले की तो कोणाला तरी विचारायला जातो. ज्याला विचारावे तो पुष्कळदा त्या व्यवहारातला दलाल असतो. प्रश्न भाषेच्या अभिरुचीचा असता तर तो साहित्याच्या प्राध्यापकांवर सोपवून स्वस्थ बसता आले असते. परंतु इथे घर, नोकरी आणि कर्ज यांचा संबंध येतो.

या प्रश्नाची एक बाजू जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी बंगालमध्ये मांडली गेली होती. मायकेल वेस्ट हे शिक्षणखात्यातील इंग्रज अधिकारी ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करीत होते. बंगालमधील द्विभाषिकत्वावरील त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. बहुसंख्य मुले अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वीच शाळा सोडतात, हे त्यांनी पाहिले होते, आणि म्हणून त्यांनी विचारलेला प्रश्न शिक्षकापेक्षा विमाधंद्यातील माणसाला शोभणारा होता: अर्धवट सोडलेल्या शिक्षणाची 'सरेंडर व्हॅल्यू' काय? आयुर्विम्याचे हप्ते मध्येच थांबले तर पॉलिसीधारकाच्या हाती काही ठरावीक रक्कम पडते. तद्वत इंग्रजीचा अभ्यास जिथे सुटेल तिथे मुलाच्या हाती काय पडते? वेस्ट यांचे उत्तर असे होते की, बोलणे-लिहिणे अर्धवट आले तर हाती फारसे काही राहत नाही. वाचणे अर्धवट आले तरी तेवढ्यापुरते उपयोगी पडते. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची जी सर्वोपयोगी यादी सिद्ध केली, ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांना दीर्घकाळ आधारभूत राहिली.

आपल्याकडे या विचाराचा स्वीकार झाला तो अर्धाच. सोप्या शब्दांच्या याद्या आल्या. त्या शब्दांना बाजारात काय अर्थ येतो, हे कोणी सांगितले नाही. 'अप' म्हणजे वर आणि 'टू' म्हणजे ला किंवा कडे, हे दुसरीतील मुलालाही ठाऊक असते. दोन्ही शब्द एकत्र आले म्हणजे 'जास्तीत जास्त' असा अर्थ होतो, हे मात्र दुकानावरील पन्नास टक्के सवलतीची पाटी वाचून आत शिरलेल्या ग्राहकाला आतच कळते. पन्नास टक्के सवलत कोपऱ्यातल्या एका ढिगाला असते. बाकीच्या मालाला दहा टक्के. पाटी खोटी नव्हती. ती इंग्रजीत होती इतकेच.

असे शब्द थोडे आहेत आणि ते पुनःपुन्हा येतात, हे त्यांचे वैशिष्ट्य. 'सब्जेक्ट टू' हा प्रयोग घ्या. शाळेत 'सब्जेक्ट' म्हणजे विषय किंवा कर्ता; म्युच्युअल फंडाच्या प्रत्येक जाहिरातीत मात्र गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या 'अधीन' असल्याचे सांगताना तोच शब्द येतो. 'शॅल' हा प्रथमपुरुषी भविष्यकाळासाठी वापरावा, असे पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतले गेले. निविदा-सूचनेत 'शॅल' तृतीयपुरुषाला लावलेला दिसतो आणि तिथे त्याचा भविष्यकाळाशी काही संबंध नसतो. तिथे तो बंधन घालतो. त्याच्याच शेजारी 'मे' आला तर ते करणे समोरच्याच्या मर्जीवर. 'अनलेस', 'प्रोव्हायडेड', 'ओन्ली', 'ऑनवर्ड्‌स' ही सारी मंडळी अशीच. परीक्षेत त्यांना अर्धा गुण असतो, व्यवहारात कधीकधी अर्धा पगार.

यांत सर्वांत महागडा शब्द कदाचित 'फ्लॅट' हा असेल. मराठी माणसाला तो सदनिका या अर्थाने परिचित आहे. कापडाच्या दुकानात 'फ्लॅट' सवलत म्हणजे सरसकट सवलत, अर्थात ग्राहकाच्या फायद्याची गोष्ट. तोच शब्द कर्जाच्या जाहिरातीत आला की पारडे फिरते. समजा, एखाद्याने एक लाख रुपये तीन वर्षांसाठी दहा टक्के 'फ्लॅट' दराने घेतले. व्याज दरसाल दहा हजार, म्हणजे तीन वर्षांचे तीस हजार. एक लाख तीस हजारांना ३६ महिन्यांनी भागले की मासिक हप्ता ३,६११ रुपये. हिशेब सरळ दिसतो. परंतु कर्जदार दर महिन्याला मुद्दलही फेडीत असतो, आणि व्याज मात्र अखेरच्या महिन्यापर्यंत मूळच्या एक लाखावरच मोजले जाते. कमी होत जाणाऱ्या शिलकेवर मांडला तर हाच दर सुमारे १८ टक्के पडतो. दहा आणि अठरा यांतील अंतर या एका विशेषणात दडलेले आहे. शेजारच्या बँकेचा साडेबारा टक्के 'रिड्यूसिंग' दर त्याला महाग वाटतो आणि तो दहा टक्क्यांच्या दारात जाऊन उभा राहतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य अटींचे एक विवरणपत्र कर्जदारास त्याला समजणाऱ्या भाषेत देणे आवश्यक केले, आणि त्यात सर्व आकार धरून येणारा वार्षिक दर दाखविण्यास सांगितले, ते अशाच अंतरासाठी. तथापि विवरणपत्र हाती पडते ते बहुधा मनाने कर्ज घेऊन झाल्यावर. जाहिरात त्याच्या किती तरी आधी वाचलेली असते.

अर्थशास्त्रात जॉर्ज अकेरलॉफ यांचा १९७० सालचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील निबंध प्रसिद्ध आहे. पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान त्यांना मिळाला, त्यामागे हे कामही होते. विकणाऱ्याला मोटारीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, आणि या विषमतेपायी सबंध बाजारच बिघडतो, असे त्याचे सार. इंग्रजी जाहिरात मराठी वाचकापुढे येते तेव्हा या विषमतेत आणखी एका पदराची भर पडते. खोड लपविलेली नसते. ती छापलेलीच असते, पण ज्या वाचकासाठी छापली त्याला ती दिसत नाही.

घरांच्या जाहिराती हे याचे बारमाही उदाहरण. 'कार्पेट', 'बिल्ट-अप' आणि 'सुपर बिल्ट-अप' या तीन क्षेत्रफळांच्या घोळात एक खोली सहज नाहीशी होत असे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने 'कार्पेट एरिया'ची व्याख्या केली: बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून, परंतु आतील विभाजक भिंती धरून, वापरता येणारे क्षेत्र. आतील भिंती त्यात मोजल्या जातात, हे पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. भाड्याच्या घराची तऱ्हा याहून मौजेची. ज्याला सारे जण 'अकरा महिन्यांचे ॲग्रीमेंट' म्हणतात त्याचे नाव 'लीव्ह अँड लायसन्स'. कारकुनाच्या कोशात 'लीव्ह' म्हणजे रजा, विद्यार्थ्याच्या कोशात सोडून जाणे. इथे तिचा अर्थ परवानगी. राहणारा भाडेकरू नसून परवानगीने राहणारा आहे, हे सारे त्या एका शब्दात आहे, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानुसार मुदत संपल्यावरही तो हलला नाही तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागण्याची तरतूद त्यामागे उभी आहे. दरवर्षी हजारो विद्यार्थी आणि नवे नोकरदार या कागदावर सही करतात. शीर्षकाचा अर्थ किती जणांना सांगता येईल?

नोकरीच्या जाहिरातींत 'इसेन्शियल' आणि 'डिझायरेबल' या दोन मथळ्यांखाली अर्हता दिलेल्या असतात. दुसऱ्या यादीतील एखादी गोष्ट आपल्यापाशी नाही म्हणून अर्जच न करणारे उमेदवार खेड्यापाड्यांतून आढळतात, आणि पहिल्या यादीतील गोष्ट नसताना परीक्षा-शुल्क भरून बसणारेही. 'ॲज ऑन' या दोन शब्दांपुढील तारखेला वय मोजायचे असते, अर्ज भरण्याच्या दिवशी नव्हे. 'कन्सॉलिडेटेड पे' या भारदस्त शब्दापुढे महागाईभत्त्याची आशा संपते. महाविद्यालयांच्या जाहिरातींतील 'क्लॉक अवर बेसिस' हा शब्दप्रयोग तर आता इतका रुळला आहे की, त्याची आद्याक्षरे म्हणजे पदव्युत्तर बेकारांच्या एका सबंध पिढीचे जातिनाम झाले आहे. त्याचे भाषांतर करण्याची गरज कोणाला वाटत नाही.

परीक्षणांचे इंग्रजी निराळ्या कामाचे. चित्रपटाचा किंवा पुस्तकाचा परीक्षणकार 'ऑल्दो'ने वाक्य सुरू करतो तेव्हा स्तुती पुढे यायची आहे की निंदा, हे अर्ध्या वाटेवरच ओळखता येते. मत मांडताना माघारीची वाट राखून ठेवण्याची ही रीत परीक्षणांइतक्या सहजपणे क्वचितच कुठे शिकायला मिळेल. शिवाय चित्रपट आधीच पाहिलेला असला तर अर्थ डोळ्यांपुढे असतो. फक्त शब्द नवे असतात.

मात्र या सर्वांत अभ्यासाच्या दृष्टीने श्रेष्ठ साधन म्हणजे जाहीर नोटीस. हे विधान विचित्र वाटेल, कारण एवढा रुक्ष गद्यप्रकार दुसरा नसेल. परंतु तिला एक गुण असा आहे की, तो पाठ्यपुस्तकात पैसे देऊनही मिळत नाही: तिला जुळे भावंड असते. २००२ च्या सिक्युरिटायझेशन कायद्याखाली बँकेने थकबाकीदाराची मालमत्ता ताब्यात घेतली की ताब्याची नोटीस दोन प्रमुख वृत्तपत्रांत छापावी लागते, आणि त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. म्हणजे तोच मजकूर, तीच नावे, तीच रक्कम, त्याच चतुःसीमा, एका पत्रात इंग्रजीत आणि दुसऱ्यात मराठीत. दोन्ही शेजारी ठेवली की उत्तरासह प्रश्नपत्रिका तयार होते.

मराठी वृत्तपत्राचा जन्मच मुळी अशा शेजारातून झाला, हे इथे आठवण्यासारखे आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या 'दर्पण'च्या पानावर एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी मजकूर असे. त्यानंतर भाषांतर पाठमालांचे युग आले. तर्खडकरांच्या पाठमालेवर कित्येक पिढ्यांनी इंग्रजी पक्के केले. ती वाक्ये भाषांतरासाठीच घडविलेली असत. नोटिशीतील वाक्य कोणाच्या तरी घरासाठी घडविलेले असते आणि म्हणून त्यातील एकही शब्द मोकळा नसतो.

उदाहरणार्थ लिलावाच्या सूचनेतील 'ॲज इज व्हेअर इज' हे शब्द. मराठी नोटिशीत त्यासाठी 'जसे आहे जेथे आहे तत्त्वावर' असे भाषांतर आढळते. शब्द फिटले, अर्थ अंधारातच राहिला. मालमत्तेत कोणी राहत असेल, सोसायटीची किंवा पालिकेची थकबाकी असेल, इमारतीला तडा गेला असेल, तर ते सारे घेणाऱ्याच्या माथी, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. 'सिम्बॉलिक पझेशन' म्हणजे प्रतीकात्मक ताबा. बँकेच्या हाती कागद आहे, किल्ली नाही. बोली मंजूर झाली की अनामत धरून किमतीच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावी लागते, आणि बाकीची वेळेत न भरल्यास आधीची जप्त होते. 'फॉर्फिट' या शब्दाची ओळख स्वस्त घराच्या शोधात निघालेल्याला तिथे होऊ नये. खरेदीपूर्वी वकील देतात ती नोटीसही अशीच: बहुधा चौदा दिवसांच्या आत कोणी हरकत घेतली नाही तर हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल, असे 'डीम्ड' आणि 'वेव्ह्‌ड' या दोन शब्दांत बजावलेले असते. आणि 'लीन' म्हणजे मराठीतील नम्र नव्हे. आपल्या पदावरील 'धारणाधिकार' जपणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला हा शब्द सेवानियमांतून परिचित असतो. तोच शब्द बँकेच्या पत्रात आपल्या ठेवीला लागलेला पाहिला की तो गोंधळतो.

यावर एक आक्षेप सरळ आहे आणि तो वजनदारही आहे. महाराष्ट्रात राज्यकारभाराची भाषा मराठी आहे. १९६४ चा तसा कायदा आहे. मग कागद मराठीत देण्याऐवजी नागरिकाला इंग्रजी नोटिशी वाचायला का शिकवावे? मराठीत कागद मिळालाच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु अनेक जाहिरातींच्या आणि करारांच्या शेवटी, दोन भाषांतील मजकुरात तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल, असे एक वाक्य असते. संसदेने अन्यथा ठरवेपर्यंत उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीतून चालेल, असे संविधानाचे ३४८ वे कलम सांगते. तेव्हा मराठी प्रत समजण्यासाठी आणि इंग्रजी प्रत बांधून घेण्यासाठी, अशी आजची स्थिती आहे. ज्याला दोन्ही वाचता येतात तोच मराठी प्रतीतील ढिलाई दाखवून देऊ शकेल आणि चांगल्या मराठीचा आग्रह धरू शकेल. भाषा संचालनालयाच्या कोशांतून चांगले प्रतिशब्द पडून आहेत. ते नोटिशींपर्यंत पोचत नाहीत, कारण त्यांची चूक पकडणारा वाचक नाही.

दुसरा आक्षेप साहित्यप्रेमींचा. इंग्रजी म्हणजे शेक्सपिअरची भाषा; ती लिलावाच्या सूचनांवर आणून ठेवणे म्हणजे कारकून तयार करण्याचा जुना उद्योग पुन्हा मांडणे, असे ते म्हणतील. नोटिशीचे इंग्रजी लिहिण्यासाठी अनुकरणीय नाही, हे कबूल करायला हवे. ते जुनाट, फुगलेले आणि पुष्कळदा चुकीचेही असते. पण इथे प्रश्न वाचण्याचा आहे. ज्याला 'शॅल' आणि 'मे' यांतील अंतर कळले त्याचा शेक्सपिअर त्यामुळे बिघडत नाही. मोबाइलवरचे भाषांतर आता क्षणात होते, असा तिसरा आक्षेप तरुण वाचक घेतील. होते खरे, परंतु ते बरोबर झाले की नाही हे ठरविण्यासाठी पुन्हा तेच दोन-चार शब्द कळावे लागतात. अटी मान्य असल्याच्या चौकोनात खूण तर माणसालाच करावी लागते.

दहावी-बारावीच्या इंग्रजीत माहितीचे रूपांतर, बातमी, पत्रक असे व्यवहारातील लेखनप्रकार आले आहेत, हे पाठ्यपुस्तककर्त्यांच्या श्रेयास नमूद केले पाहिजे. वर्गात त्यांचे मार्गदर्शिकेतील नमुने झाले, हा दोष पुस्तकाचा नाही. शिक्षकाला यासाठी वेगळे अनुदान लागत नाही आणि प्रशिक्षणवर्गही लागत नाही. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत दोन्ही भाषांतील वृत्तपत्रे येतात आणि ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जातात. त्यापूर्वी आठवड्यातून एक जोडी कापून घेतली, तरी वर्षाला पन्नास पाठ होतात. पहिल्या तासाला ताब्याची एक नोटीस आणि एक प्रश्न पुरेल: थकबाकी भरण्याचे साठ दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? उत्तर इंग्रजी मजकुरातच 'रिसीट' या शब्दापाशी असते. विद्यार्थी त्याचा अर्थ पावती असा सांगतील. नोटिशीत तो आहे नोटीस हाती पडणे.